बोगारवेशीला गिऱ्हाईक शोधू नका

मा. संपादक,

दिवाळीत मुलाकडे बेंगळूरला गेलो होतो. मेट्रोत पुकारा झाला, 'इन्फोसिस फाउंडेशन कोनप्पन अग्रहार'. मी मुलाला विचारलं, हे स्टेशन की देणगीची पावती? तो म्हणाला, "बाबा, इन्फोसिस फाउंडेशननं या स्टेशनासाठी २०१८ साली २०० कोटींचा करार केलाय." गावाचं नाव मागं का होईना ठेवलं, हे त्यातल्या त्यात बरं.

बेळगावला परत आल्यावर कपिलेश्वराच्या देवळाजवळ आमचं निवृत्तांचं टोळकं बसतं, तिथं हे सांगितलं. निम्मे म्हणाले, मग आपल्याही चौकांची, थांब्यांची नावं कंपन्यांना विका की, गटारी तरी उपसल्या जातील!

मी जन्मभर या गावात टपाल वाटलं. खडे बाजार बेळगावातही आहे आणि शहापुरातही. पाकिटावर 'शहापूर' लिहायचं राहिलं की माझी रेल्वे पुलापलीकडं एक सायकलफेरी फुकट. बोगारवेशीचा धर्मवीर संभाजी चौक झाला, तरी रिक्षावाल्याला बोगारवेसच सांगावं लागतं. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं बेळगावी केलं. त्यावर आमचं म्हणणं जगजाहीर आहे, इथं उगाळत नाही. पण यातल्या कुठल्याच नावाला मुदत नव्हती. विकलेल्या नावाला असते.

अमेरिकेत ह्यूस्टनच्या बेसबॉल मैदानाला एन्रॉननं ३० वर्षांसाठी आपलं नाव दिलं होतं, १० कोटी डॉलर मोजून. (होय, तीच आपल्या दाभोळची एन्रॉन.) २००१ मध्ये कंपनी बुडाली. मग पाटी उतरवायला क्लबलाच २१ लाख डॉलर भरावे लागले. लांब कशाला, पुण्याजवळ गहुंजेच्या स्टेडियमवर सहाराचं नाव चढलं. पैसे थकले आणि उतरलं. मैदानाचं ठीक आहे, तिथं कुणी राहत नाही. चौकाभोवतीच्या लोकांनी आधार, रेशनकार्ड, गॅसची वही किती वेळा बदलायची?

कुणी म्हणेल, किर्लोस्कर रोड आहेच की. आहे. लक्ष्मणरावांनी १८८८ साली इथं सायकलचं दुकान काढलं. निविदा भरून रस्त्याला नाव नाही मिळवलं.

ज्याला पैसे द्यायचे त्यानं थांब्यावर शेड बांधावी, बाक टाकावेत, खाली बारीक अक्षरात 'सौजन्य' लिहावं. थांब्याच्या नावाला मात्र हात नको. नंदगडची माझी आक्का सत्तरी ओलांडलेली, तिला वाचता येत नाही. कंडक्टरनं 'गोवावेस' म्हणून हाळी दिली की पिशवी उचलते.

– एक निवृत्त पोस्टमन, शहापूर, बेळगाव