आई पिशव्या सांभाळत बसणार नाही

टँपा, फ्लोरिडा

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार,
दादा-वहिनीला नमस्कार, चिनू-ओवीला गोड पापा.

तुमच्या इथल्या सहलीचा दादाने पाठवलेला तक्ता मिळाला. मेहनत घेतली आहे त्याने. आठवड्याभरात ओरलँडोजवळची डिस्नेची चारही पार्कं, युनिव्हर्सलची दोन, वर एक वॉटर पार्क, सकाळी सातला बाहेर आणि रात्री दहाला परत. एवढा खर्च करून येतोय तर सगळं बघून घेऊ, हे त्याचं म्हणणं मला समजतं. पण तो तक्ता वाचताना मी त्यात आईला शोधत होते आणि ती मला कुठेच सापडली नाही. बाबाही नाहीत. फोनवर हे बोलायला लागलं की विषय तिकिटांवरून चिनूच्या परीक्षेवर जातो, म्हणून सविस्तर लिहिते आहे. रात्रीची जेवणं झाली की सगळ्यांनी मिळून वाचा.

एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं, आणि आपल्या लहानपणी गोराईला बोटीने जायचं म्हणजे केवढा सोहळा असायचा. आम्ही पोरं पाळण्यांवर आणि आई झाडाखाली, चार पिशव्या, सगळ्यांच्या चपला, काकांचा चष्मा आणि पुऱ्यांचा डबा घेऊन. घोडबंदर रोडला सूरज वॉटर पार्कला गेलो तेव्हा तेच, टिकुजी-नी-वाडीला तेच. आई कोणत्या पाळण्यात बसली होती हे आठवायला गेलं तर एकही आठवत नाही. तेव्हा तर तिचे गुडघेसुद्धा ठणठणीत होते. या वेळी मला ती बाकावर बसलेली नको आहे. बाकी सगळं नियोजन मी त्याच्याभोवती केलंय, आणि दादा, त्यात तुझंही काही कमी होणार नाही, बघ.

पहिली गोष्ट, कधी यायचं. नाताळात नको. नाताळ ते नववर्ष हा इथला सर्वांत गर्दीचा आठवडा. तिकिटांचे दर तारखेप्रमाणे बदलतात आणि त्या दिवसांत ते चढलेले असतात. दिवाळीच्या सुट्टीत हवा बरी असते, पण चक्रीवादळांचा मोसम इथे १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात, आणि मुंबईहून एवढं लांब येऊन विमानं रद्द झाली तर तुमचे फार हाल होतील. मला मे महिन्याचा पहिला पंधरवडा योग्य वाटतो. चिनूची वार्षिक परीक्षा झालेली असते, इथल्या शाळांना मात्र सुट्टी मेच्या अखेरीस लागते, त्यामुळे गर्दी त्यामानाने कमी. जूनपासून इथे रोज दुपारी ढग भरून येतात, विजा कडाडायला लागल्या की उघड्यावरच्या राइड बंद ठेवतात. मेच्या सुरुवातीला ते सुरू झालेलं नसतं. ऊन असतं, घामही येतो, पण ठाण्याच्या मेमध्ये राहणाऱ्यांना त्याचं काही वाटायचं कारण नाही.

आता जागेचा अंदाज. डिस्नेची इथली जमीन सुमारे १०० चौरस किलोमीटर आहे. बोरिवलीपासून येऊरपर्यंतचं आपलं नॅशनल पार्क डोळ्यांसमोर आणा, साधारण त्याच्या तोडीची. एका पार्कातून दुसऱ्यात जायला गाडी किंवा बस लागते. मॅजिक किंगडमला तर गाडी थेट दारापर्यंत जातच नाही. ती पार्किंगमध्ये सोडायची, मग मोनोरेल किंवा मोठी फेरीबोट पकडून तळं ओलांडायचं, तेव्हा कुठे दार दिसतं. दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं. म्हणून एका दिवशी एकच पार्क, आणि दोन पार्कांच्या मध्ये एक दिवस पूर्ण मोकळा. सकाळी दार उघडायच्या आधी पोहोचायचं, साडेबारा-एकपर्यंत फिरायचं, मग घरी येऊन जेवून दोन तास झोपायचं, आणि ज्याला हौस असेल त्याने संध्याकाळी परत जायचं. त्याच तिकिटावर त्याच पार्कात त्या दिवशी पुन्हा आत सोडतात. दादा, दुपारची झोप म्हणजे पैसे वाया असं तुला वाटेल. इथे दुपारी तीन वाजता रांगांमध्ये रडणारी मुलं आणि एकमेकांवर खेकसणारे आई-बाप एकदा बघितलेस की नाही वाटणार.

बाबा, तुमच्यासाठी मी काय काय हेरून ठेवलंय ते सांगते. मॅजिक किंगडम १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं. तिथल्या जमिनीखाली पाणी फार वरच लागतं, त्यामुळे खोदून तळघर करणं अवघड. म्हणून त्यांनी कामगारांच्या ये-जा करण्याचे, सामानाचे, कचऱ्याचे बोगदे आधी जमिनीवरच बांधले, समोरचं तळं खणताना निघालेली माती त्यांच्याभोवती आणि वर भरली, आणि त्यावर पार्क उभं केलं. आपण रस्ता समजून चालतो तो खरं तर दुसरा मजला आहे! उभी हयात वागळे इस्टेटमध्ये मशिनांजवळ काढलेल्या माणसाला हे बघायला आवडेल याची मला खात्री आहे. आणि तिथे पीपलमूव्हर नावाची संथ गाडी आहे, १९७५ पासून चालू आहे. डब्यांना मोटर नाही. रुळांमध्ये बसवलेल्या लिनियर इंडक्शन मोटरी डबे पुढे ढकलतात. वर छत, वाऱ्याची झुळूक, रांग सहसा छोटी. तुम्ही दोन-तीन फेऱ्या मारा, कोणी हरकत घेणार नाही.

आई, तुझी जागा एपकॉटमध्ये आहे. तिथे ‘लिव्हिंग विथ द लँड’ नावाची नौकेची फेरी आहे, एकही धक्का नाही, उंचीची अट नाही. नौका हळूहळू काचेच्या मोठ्या हरितगृहांतून जाते. मातीशिवाय वाढवलेल्या वेली, दोरीवर लटकवलेली झाडं, त्यांची मुळं हवेत मोकळी सोडलेली आणि त्या मुळांवर पाण्याचा फवारा. तिथे पिकलेली भाजी एपकॉटच्याच हॉटेलांत वापरतात. गॅलरीतल्या कढीपत्त्याला कीड लागली की तुला जेवण जात नाही, तू त्या नौकेतून उतरायला तयार होणार नाहीस. मी बसले तेव्हा सारखं वाटत होतं, आता आई असती तर शंभर प्रश्न विचारले असते. तू विचार, मी भाषांतर करीन.

एपकॉटच्याच मागच्या भागात तळ्याभोवती ११ देशांची दालनं आहेत, मेक्सिको, नॉर्वे, चीन, जपान, मोरोक्को असे. भारताचं नाही, आणि दर वेळी मला ते खटकतं. ती फेरी साधारण २ किलोमीटरची. बाबा, तुम्ही तलावपाळीला चालायला जाताच, आता रोज एक फेरी वाढवा, आणि आईलाही घेऊन जा, तिच्या झेपेल तेवढंच. तरीही पार्कात तिच्यासाठी व्हीलचेअर घ्यायची. ती दारातच भाड्याने मिळते. आई, यात कमीपणा काही नाही. इथे तुझ्याहून तरुण लोक आरामात बसून फिरतात. पाय शाबूत राहिले तर संध्याकाळची आतषबाजी बघता येईल.

तिसरं पार्क अ‍ॅनिमल किंगडम, आणि ते मला सगळ्यांत प्रिय आहे. १९९८ मध्ये सुरू झालं. त्यात आशियाचा भाग म्हणून आनंदपूर नावाचं एक कल्पित राज्य वसवलंय. रंग उडालेल्या भिंती, प्रार्थनेच्या पताका, पडक्या राजवाड्याचे अवशेष, आणि त्या अवशेषांमधून फिरणारे खरे वाघ. काचेपलीकडे वाघ सावलीत पंजे पसरून पडलेला असतो, कान तेवढे हलत असतात. येऊरला बिबट्या दिसला अशी बातमी आली की चिनू गच्चीवर दुर्बीण घेऊन जातो असं वहिनी सांगत होती, त्याला इथून हलवणं कठीण जाईल. चिनूसाठी तिथे एक्स्पिडिशन एव्हरेस्ट आहे, डोंगरातून जाणारी आगगाडी, मध्येच उलटी धावते. त्याला ११३ सेंटिमीटर उंची लागते, म्हणजे ओवी नाही बसू शकणार. काली रिव्हर रॅपिड्सला ९७ सेंटिमीटर पुरतात, तिथे तिला नेऊ, पण सगळे चिंब भिजतात, कपड्यांचा एक जोड जवळ ठेवा.

वहिनी, हे खास तुझ्यासाठी. ओवी लहान म्हणून प्रत्येक मोठ्या राइडला तू तिला घेऊन बाहेर उभी राहशील हे मला माहीत आहे. आईकडून पिशव्यांची ती जागा तुझ्याकडे यायला नको. इथे रायडर स्विच नावाची सोय आहे, तिचे पैसे नाहीत. दादा आणि चिनू आधी जातील, तू ओवीजवळ थांबायचं, आणि ते बाहेर आले की तुला मोठ्या रांगेत उभं न राहता आत सोडतात. चिनूला तुझ्याबरोबर पुन्हा बसता येईल, त्याची चंगळच. दारात सांगायचं तेवढं विसरायचं नाही. पिशव्यांसाठी प्रत्येक पार्कात भाड्याचे लॉकर आहेत. सकाळी आत शिरल्या शिरल्या सगळं त्यात टाकायचं.

तिकिटांचं थोडक्यात. ३ ते ९ वर्षांना मुलांचं तिकीट, दहाव्या वाढदिवसापासून मोठ्यांचं. चिनू मेमध्ये नऊचाच असेल, पण फरक फार नसतो, त्याच्यासाठी तारखा ओढाताण करून बसवू नका. एका दिवसाचं तिकीट शंभर डॉलरच्या वर जातं, तीन-चार दिवसांचं एकत्र घेतलं की रोजचा दर उतरतो. एकाच दिवशी दोन पार्कं फिरायचं पार्क हॉपर घेऊ नका, आपल्याला त्याचा उपयोग नाही. रांग टाळायला लाइटनिंग लेन मल्टी पास आहे, जुलै २०२४ पासून या नावाने मिळतो, त्याचे पैसे वेगळे. डिस्नेच्या हॉटेलात उतरलेल्यांना तो ७ दिवस आधी घेता येतो, बाकीच्यांना ३ दिवस. माझ्या मते फक्त मॅजिक किंगडमच्या दिवसासाठी घेऊ. त्या पहाटे जागून फोनवर बसायचं काम माझं.

युनिव्हर्सलला दादा आणि चिनू दोघांनीच एक दिवस जावं. बाकी आम्ही त्या दिवशी क्लिअरवॉटरच्या समुद्रावर, माझ्या घरापासून जवळ आहे. बाप-लेकाला असा अख्खा दिवस ठाण्यात कधी मिळतो?

राहायला डिस्नेजवळच्या किसिमी गावात भाड्याचं घर बघते आहे, तीन खोल्यांचं, स्वयंपाकघर असलेलं. डिस्नेच्या हॉटेलपेक्षा सहा जणांना परवडतं आणि दुपारी पडायला प्रत्येकाला पलंग. आई, स्वयंपाकघर आहे म्हणून तू तिथे पोळ्या लाटायच्या नाहीत. सकाळचे पोहे-उपमा मी करीन, दुपारचा वरणभातही. पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देतात, फक्त काचेची बाटली चालत नाही, तेव्हा लोणचं प्लॅस्टिकच्या डब्यात. साधं गार पाणी काउंटरवर फुकट मिळतं. वहिनी, चिवडा, भाकरवडी, थेपले आण आणि विमानतळावर उतरल्यावर खाणं आहे असं सांग. हापूसची पेटी मात्र अजिबात नको, ताजी फळं विमानतळावर काढून घेतात. मन मोडतं, पण आंबे यंदा माझ्या वाटचे तुम्हीच खा.

एक जेवण मात्र बाहेर, आणि ते माझ्याकडून. अ‍ॅनिमल किंगडम लॉजमध्ये सना नावाचं हॉटेल आहे. गरम नान आणि त्याबरोबर वेगवेगळ्या चटण्या देतात, आणि खिडकीबाहेर मोकळ्या माळावर जिराफ आणि झेब्रे चरत असतात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. आई-बाबांना खिडकीजवळचं टेबल मिळावं म्हणून मी विनंती करून बघणार आहे.

आता कागदपत्रं. व्हिसा हातात येईपर्यंत परत न होणारं विमानाचं तिकीट काढू नका. मुलांचे पासपोर्ट पाचच वर्षांचे असतात, ओवीचा कधी संपतो ते आजच बघा. दुबईहून ओरलँडोला थेट विमान आहे, मला तेच सोयीचं वाटतं, कारण अमेरिकेत उतरल्यावर पुन्हा विमान बदलावं लागत नाही. तिकीट काढतानाच आईसाठी दोन्ही विमानतळांवर व्हीलचेअर मागून घ्या. प्रवासाचा वैद्यकीय विमा घेतल्याशिवाय निघायचं नाही. बाबांचं बीपी आणि आईची शुगर आधीपासूनची आहे, तेव्हा आधीच्या आजारांबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय ते दादाने स्वतः वाचावं, एजंटाच्या शब्दावर जाऊ नये. इथल्या दवाखान्याचं एक बिल सगळ्या सहलीपेक्षा मोठं होऊ शकतं. गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

आणि नाताळच्या सुट्टीत मुलांना एकदा खोपोलीला इमॅजिकाला नेऊन आणा, मधल्या वारी. चिनू रोलर कोस्टरला घाबरतो की हट्टाने परत रांगेत लागतो, ओवी किती वाजता थकते, हे सगळं तिथे कळेल, आणि त्यावर मला इथल्या राइड ठरवता येतील. आई-बाबा, तुम्हीही जा. आई, तिथेही बाकावर बसू नकोस.

शनिवारी सकाळी तुमच्या नऊला फोन करते. तोपर्यंत आईने हाडांच्या डॉक्टरांना विचारून ठेवावं की एवढ्या चालण्यासाठी पट्टा लागेल का. दादाने तारखा ऑफिसात टाकाव्यात.

तुमची,
मनू

ता. क. वहिनी, चिनू आणि ओवीची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून कळव. आणि सगळ्यांचे नवे बूट आत्ताच घ्या, मेपर्यंत पायात रुळले पाहिजेत.