१ ऑक्टोबरचा सत्कार : सर्व सभासदांसाठी सूचना

सभासदहो, सप्रेम नमस्कार.

फुटपाथवर, पुलाखाली दिवस काढणाऱ्या आजी-आजोबांना हक्काचं छप्पर मिळवून देण्याच्या आपल्या कामाची परिसरातल्या ज्येष्ठ नागरिक संघाने दखल घेतली आहे. मनापासून आनंद झाला.

१ ऑक्टोबर, आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन. संध्याकाळी ५ वाजता, दादर पश्चिमेला, आपली मासिक बैठक होते त्याच सभागृहात. साडेचारपर्यंत पोहोचा.

सन्मानचिन्ह पदाधिकारी घेणार नाहीत. रात्रीच्या फेरीतले कार्यकर्ते आणि आता स्वतःच्या खोलीत राहणाऱ्या दोन आजी ते स्वीकारतील. मान त्यांचाच आहे.

• आजी-आजोबांना टॅक्सीनेच आणा. लोकलचे जिने आणि गर्दी त्यांना झेपत नाही.
• विचारल्याशिवाय कुणाचाही फोटो काढू नका. आपण कुठे राहत होतो, हे काहींनी नातेवाइकांनाही सांगितलेलं नाही.
• हार-तुरे नकोत, चादरी आणा.
• येणाऱ्यांनी २५ सप्टेंबरपर्यंत सचिवांना कळवावं.

कार्यक्रमात कायद्याची माहितीपत्रकं वाटायची आहेत. प्रत्येकाने ती आधी नीट वाचावी. घर मुलांच्या नावे केलं की सगळं संपलं, असं बरेच आजोबा समजतात. पण सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर, सांभाळ न झाल्यास, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार न्यायाधिकरणाकडे परत मागता येतं. हे त्यांना वेळेवर कुणी सांगितलेलंच नसतं. मदतीसाठी एल्डरलाइन १४५६७ हा क्रमांकही द्या.

रात्रीची फेरी त्या दिवशीही नेहमीच्या वेळी निघेल.

– कार्यकारिणी