ला पाझचे पहिले तीन दिवस

चि. अमोघ आणि सौ. मृण्मयी यांस अनेक आशीर्वाद.

तुमचा बोलिव्हियाचा कार्यक्रम वाचला. पहिल्या संध्याकाळी वॉकिंग टूर लिहिली आहेस, ती आधी खोड. सांता क्रूझ समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटरवर आहे. तिथून तासाभरात विमान तुम्हाला ४,०६१ मीटरवर, ला पाझच्या वरच्या अंगाला असलेल्या एल आल्तोच्या विमानतळावर उतरवणार. ला पाझ शहराचा मध्यभाग ३,६४० मीटर, म्हणजे लेहच्याही जरा वर. हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या दोन-तृतीयांशाहून कमी. पाठीवर १२ किलोची सॅक असली की एक जिनाही चढवत नाही.

म्हणून विमानतळावर रेंगाळायचं नाही. गरजेपुरते डॉलर मोडा आणि टॅक्सी करून खाली शहरात या. नोटा कोऱ्या न्या. कोपरा फाटलेली किंवा पेनाने काही लिहिलेली नोट तिथे कोणी घेत नाही. मुक्काम सागार्नागा रस्त्यावर नको. हॉस्टेलं तिथे ढिगाने आहेत, पण चढ उभा आहे. सोपोकाची हा भाग बरा: शांत आहे आणि केबल कारचं स्टेशन जवळ आहे.

डोकेदुखी पहिल्या दिवसापेक्षा पहिल्या रात्री जास्त छळते. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीबद्दल डॉक्टरांना आत्ताच विचारा. नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. आपल्याकडे गोळी २५० ची मिळते, म्हणजे अर्धी. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. बोटांना मुंग्या येतील, सारखं लघवीला जावं लागेल; त्याला घाबरू नका. दारू आणि झोपेची गोळी पहिले दोन दिवस अजिबात नको, झोपेत श्वास आणखी मंदावतो. कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर न्या हवं तर, पण तिथे ८८ दिसला म्हणून फोन करू नका. त्या उंचीवर नवख्याला तेवढाच दिसतो.

धोका वेगळा ओळखायचा. बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यातून फेस येणं, किंवा फरशीच्या रेषेवर टाचेपुढे टाच ठेवून चालताना तोल जाणं. यातलं एकही दिसलं तर थेट हॉस्पिटल आणि ऑक्सिजन. ‘खाली उतरू’ म्हणून कोरोइकोची गाडी धरू नका. कोरोइको सखल आहे खरं, पण रस्ता आधी ४,६०० मीटरहून उंच खिंडीत चढतो. आजारी माणसाला तेच नको असतं.

नुसतं डोकं जड असेल तर दुसऱ्या दिवशी दक्षिण भागात उतरा. सोपोकाचीहून पिवळी केबल कार लिबर्तादोरपर्यंत, तिथे बदलून हिरवी, शेवटचं स्टेशन इरपावी. साधारण ३,३०० मीटर. बागेत बसा, जेवा, संध्याकाळी परत या. २०१४ पासूनची ही केबल कार म्हणजे तिथली लोकल ट्रेनच. नोकरदार आणि शाळकरी पोरं त्यातूनच जातात. लाल लाइनने एल आल्तोचा बाजार बघायला जायचं ते तिसऱ्या दिवशी, डोकं पूर्ण उतरलं असेल तरच. बाजार गुरुवारी आणि रविवारी भरतो.

जेवणाचं मोठं ताट दुपारी, रात्री हलकं. पचन मंद होतं. मृण्मयी, ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) म्हटलंस तर चिकन येऊ शकतं. ‘सिन पोल्यो’ (चिकनशिवाय) हेही म्हणायचं आणि सूप कशाच्या पाण्यात शिजवलंय ते विचारायचं. शेंगदाण्याचं सूप, सोपा दे मानी, आपल्या दाण्याच्या आमटीच्या जवळ जातं, पण बहुतेक ठिकाणी ते मांसाच्या पाण्यातच असतं. तुझ्यासाठी सकाळचा ‘आपी’ उत्तम: जांभळ्या मक्याचं दाट, गरम पेय, दालचिनी-लवंग घातलेलं, आणि सोबत चीज भरून तळलेली, टम्म फुगलेली पुरी. हॉस्टेलात डाळ लावू नका. तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. कुकरशिवाय तूर दोन तासांतही शिजायची नाही. पातळ पोहे न्या, त्यांना उकळी लागत नाही. आणि शाम्पू, सनस्क्रीनच्या ट्यूबा तोंडासमोर धरून उघडू नका. आतली हवा फुगलेली असते, पिचकारी उडते.

हॉस्टेलच्या शॉवरला पाणी तापवणारं विजेचं डोकं असेल तर नळ थोडाच सोडायचा. धार मोठी केली की पाणी गार येतं. ओल्या हाताने त्या डोक्याला किंवा वायरींना हात लावायचा नाही.

टॅक्सी छतावर कंपनीचा फोन नंबर असलेली, शक्यतो हॉटेलातून बोलावलेली. रस्त्यात कोणी साध्या कपड्यांत ‘पोलीस’ म्हणून पाकीट मागितलं किंवा गाडीत बसायला सांगितलं, तर बसू नका. गर्दीच्या दुकानात शिरा.

कोकाच्या पानांचा चहा तिथे सर्रास मिळतो, प्या. पण त्याची एक पुडीही सामानात परत आणू नका, आपल्याकडे तो अमली पदार्थांच्या कायद्यात बसतो. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी, फक्त सरकारमान्य केंद्रावर. ला पाझच्या थंडीत तो डास नाही, पण आपला विमानतळ शहर बघत नाही, देश बघतो. लसीचं पिवळं कार्ड नसेल तर परतल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे आमचे पहाटेचे साडेसहा. तेव्हा फोन कर, मी उठलेली असते.

तुझी,
आई