जीप घे, पण सूट धुतल्याशिवाय तिच्यात ठेवू नकोस

लष्कर, ग्वाल्हेर
संक्रांतीनंतरचा रविवार

प्रिय बंडू,
सप्रेम नमस्कार.

पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत शिकून तू मधमाश्यांच्या पेट्या घेतल्यास आणि आता त्या वाहायला जुनी जीप बघतो आहेस, हे वाचून फार आनंद झाला. पण जीपबद्दल दोन पानं लिहून शेवटच्या ओळीत तू विचारतोस, ‘पेट्या हाताळताना घालायचा सूट दर वेळी धुवायलाच हवा का?’ आधी त्याचंच उत्तर देतो. हो, डंख बसला असेल तर धुवायलाच हवा.

माशी डंख मारते तेव्हा नांगी कापडात अडकून तिथेच तुटते, आणि तिच्यालगतच्या ग्रंथीतून एक गंध सुटतो. त्यातला मुख्य पदार्थ आयसोअमाइल अॅसिटेट. वास पिकल्या केळ्याचा. बाकीच्या माश्यांसाठी ती हाक असते, ‘इथे या, इथे मारा.’ हा गंध कापडात राहिला तर पुढच्या खेपेला शांत पेटीतल्या माश्याही नेमक्या त्याच मनगटावर धावून येतात. माणूस म्हणतो, आज माश्या बिथरल्यात. त्या बिथरलेल्या नसतात रे, मागच्या खेपेची हाक ऐकून आलेल्या असतात.

आता कसा धुवायचा ते. जाळीची टोपी चेनने सुटी होते, ती आधी काढ. मशीनमध्ये जाळी फाटते. ती कोमट पाण्यात हातानेच धू आणि पिळू नकोस. सूटच्या खिशात नेहमी काहीतरी राहतं, ते बघ. मनगटाच्या इलॅस्टिकमध्ये नांग्या अडकलेल्या दिसतील, काळ्या बारीक काट्यांसारख्या, काहींना विषाची पारदर्शक पिशवी अजून चिकटलेली असते. त्या चिमट्याने काढ. मेण आणि प्रोपोलिस, म्हणजे माश्यांचा चिकट डिंक, मात्र ओलं करायच्या आधीच काढायचं. सध्या इकडे थंडी कडक आहे, म्हणून मी सूट रात्रभर गच्चीवर टांगतो. सकाळी प्रोपोलिस इतकं ठिसूळ होतं की नखाने टवके उडतात. तुझ्याकडे फ्रीजर आहेच. गरम पाण्याची घाई करू नकोस, मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं आणि मग कापडभर पसरतं. उरलेल्या तपकिरी डागावर स्पिरिटचा बोळा फिरव. नंतर धुण्याचा सोडा घालून एकटाच सूट धू, घरच्या कपड्यांत नको. वाळलेलं विष कापडावर असतं आणि घरात लहान मूल आहे. ब्लीचने कापड कमजोर होतं, आणि सुगंधी कंडिशनर तर अजिबात नको. चामड्याचे हातमोजे ओल्या फडक्याने पूस आणि सावलीत वाळव.

आता जीप. तुला पुढून उंच बॉनेटची सीजे-३बी जीप आवडली, याचं मला मुळीच नवल वाटलं नाही. आमच्या काकांची तीच आहे, माझा तिच्यावर फार जीव. ते बॉनेट उंच आहे कारण तिच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा-इंधन आत घेणाऱ्या झडपा, वर हेडमध्ये आले आणि इंजिनाची उंची वाढली. बानमोर-नूराबादकडे मोहरीच्या शेतांत पेट्या ठेवायला जातो तेव्हा बांधावरून लो गिअरमध्ये ती इतकी सावकाश चालते की पेट्यांना धक्का कळत नाही. मागचा भाग उघडा असतो, हा मोठा फायदा. एखादी पेटी गळकी निघाली तरी बंद गाडीत माश्यांबरोबर कोंडून घ्यायची वेळ येत नाही. पेट्या संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर बंद कर आणि आतल्या पोळ्यांच्या फ्रेमा गाडीच्या दिशेला समांतर ठेव, म्हणजे ब्रेक लागला की त्या एकमेकींवर आपटत नाहीत. डांबरी रस्त्यावर आलास की फोर-व्हील ड्राइव्ह काढायला विसरू नकोस. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शिअल मध्ये नसल्याने गिअरबॉक्सवर ताण येतो.

जबलपूरच्या जोंगाचा, म्हणजे लष्करी जीपचा, मोह होईल, पण सहा सिलिंडरचं जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन तुझ्या मधाचे सगळे पैसे पिऊन टाकेल.

कागदपत्रांचं एक सांगतो. गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर २०२१च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी मिळते. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. एजंट तेच गळ्यात मारायला बघेल. तू घेऊ नकोस, कारण ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही, आणि तुला तर पेट्या वाहायच्यात. साधं फेरनोंदणीचं आरसी, म्हणजे नोंदणीपत्र, आणि फिटनेस सर्टिफिकेट बघ.

आणि सूट गाडीत टाकताना पेट्रोलच्या कॅनजवळ नको. माश्यांना उग्र वास आवडत नाही. मी तो झाकणाच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवतो, ग्रीसचे हात साबणाने धुऊनच ट्रंक उघडतो. ही माझी शिस्त घरातल्या सगळ्यांना पाठ झाली आहे.

मोहरी अजून फुलावर आहे, फेब्रुवारीत निघून ये. वहिनींना नमस्कार. आणि सौदा करण्याआधी चासिस नंबर स्वतः खडूने घासून वाच, आरसीशी जुळतो का बघ, आणि मला कळव.

तुझाच,
नाना