आवाज न ऐकलेला मित्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

"ज्याला कधी भेटलाही नाहीस त्याच्या जाण्याचं एवढं काय मनाला लावून घेतोस?" असं तू फोनवर विचारलंस. तेव्हा धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्र.

भेटणं सोडच, त्याचा आवाजही मी ऐकलेला नाही. आमचं सगळं बोलणं हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संचावर, आणि तेही मॉर्समधून: डिट म्हणजे आखूड ठोका, डाह म्हणजे लांब, त्यांचीच अक्षरं. पण मॉर्समध्ये माणूस हातावरून ओळखू येतो. तो शेवटपर्यंत साध्या स्ट्रेट कीवरच, म्हणजे हाताने दाबायच्या खटक्यावरच, पाठवायचा. ठोके आपोआप पाडणारा इलेक्ट्रॉनिक कीयर त्याला कधी रुचला नाही. त्याच्या 'सी'मधला पहिला डाह जरा रेंगाळायचा. बँडवर, म्हणजे लहरींच्या त्या पट्ट्यावर, कितीही कालवा असो, कॉलसाइन (हॅमचं हवेतलं नाव) पुरता यायच्या आतच मला कळायचं, आला हा! निरोपाला आम्ही हॅम मंडळी 73, म्हणजे 'शुभेच्छा', पाठवतो: दोन डाह तीन डिट, तीन डिट दोन डाह. त्यावर तो दोन सुटे डिट टाकायचा, मी दोन परत करायचो. मगच सेट बंद.

आमच्या भेटीची वेळ सूर्य ठरवायचा. दिवसा आयनांबरातला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागातला, डी थर आमच्या 7 मेगाहर्ट्झच्या लहरी बऱ्याचशा गिळून टाकतो. अंधार पडला की तो थर विरतो आणि साधारण 300 किलोमीटर उंचीवरचा एफ थर त्याच लहरी हजारो किलोमीटर पलीकडे परतवतो. माझ्याकडे दिवेलागण व्हायची तेव्हा त्याच्याकडे उजाडायला आलेलं असायचं. त्या मधल्या सांदीत जे बोलून होईल ते खरं. 2008 आणि 2019 च्या आसपास सौरडाग अगदी कमी झाले, वरचे बँड मुके पडले, तेव्हा तर ही एवढीच खिडकी उरली होती.

आणि गप्पा तरी कसल्या? हॅम रेडिओवर गुपित चालत नाही. अर्थ लपवायचा नाही, धंद्याचं बोलायचं नाही, हा नियमच. (मॉर्स ही लपवाछपवी नव्हे, शिकेल त्याला ती कळते.) तुझ्यामाझ्यासारखं दार लावून बोलायची सोयच नाही, कोणीही ऐकत असू शकतो. त्यामुळे बहुतेक वेळा अँटेना, हवामान, नाहीतर गुडघेदुखी.

एका संध्याकाळी त्याने नेहमीसारखा 579 चा रिपोर्ट दिला (माझा सिग्नल स्पष्ट आणि बऱ्यापैकी जोरात येतोय, असा), पावसाचं सांगितलं आणि मग कळवलं, बायको गेली. तेवढंच. एरवी मिनिटाला वीस शब्द पाठवणारा हात उतरत उतरत बारावर आला. समोरच्याच्या वेगाने उत्तर द्यावं ही आमच्यातली रीत, म्हणून मीही उतरलो. सांत्वनाचे दोन शब्द पाठवले आणि पुन्हा पावसाकडे वळलो. त्याला तेच हवं होतं असं मला अजूनही वाटतं. सिग्नल वरखाली व्हायला लागला, अक्षरं तुटायला लागली, तरी कोणी 73 म्हणेना. मी माणसांत उठणारा-बसणारा आहे हे तुला ठाऊक आहे, पण इतकं जवळचं बोलणं फार थोड्यांशी झालंय.

गेल्या महिन्यात त्याच्या मुलीचा ईमेल आला. गेलेल्या हॅमला आमच्यात 'सायलेंट की' म्हणतात. तिने तोच शब्द वापरला, म्हणजे बापाचं थोडंफार कानावर पडलेलं दिसतंय. माझी क्यूएसएल कार्डं (बोलणं झाल्याची टपालाने पाठवायची पोचपावती) त्याने जपून ठेवली होती म्हणे. "बाबांची मॉर्स की तुम्हाला पाठवू का?" असं तिने विचारलंय. मी नको म्हणून कळवलं. ती माझ्या टेबलावर आली तरी वाजेल माझ्याच हाताने, त्यात काय अर्थ?

एक लॉगबुक मात्र मागून घेतलंय, बायको गेली त्या सालचं. त्या संध्याकाळच्या नोंदीपुढे, शेऱ्याच्या रकान्यात, त्याने काय लिहिलंय ते मला बघायचंय. आलं की कळवतो.

घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र