पानांना भोकं पडू द्या

महोदय,

मी अधूनमधून हातभार लावायला जातो त्या निसर्ग केंद्रात परवा उत्साहाच्या भरात सगळा पालापाचोळा झाडून पोत्यांत भरला गेला. वाळलेले दांडेही छाटले. परिसर चकाचक झाला खरा, पण त्या पाचोळ्यात पतंगांचे कोष असतात आणि पोकळ दांड्यांत एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्यांची पिल्लं. पुढच्या हंगामात कीटक बघायची सहल काढणार कुठून?

स्थानिक झाडं लावायची ती नुसती शोभेसाठी नव्हेत. अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखराचंच घ्या. त्याची अळी मिल्कवीड या चिकाच्या वनस्पतीवर आणि तिच्या नातलगांवरच पोसते. आपली रुई त्याच कुळातली. पानात चिकट, विषारी चीक असतो. म्हणून मोठी झालेली अळी आधी देठाजवळ चावा घेते, पान मान टाकतं, चीक पुढे यायचा थांबतो आणि मग ती निवांत कडेपासून कुरतडू लागते. हे दहा मिनिटं बघितलेलं पोर त्या झाडाचं नाव विसरत नाही, फलक कितीही रंगीत असो. (फलकांवर खर्च फार होतो, हे माझं जुनं गाऱ्हाणं.)

तेव्हा केंद्रांनी कार्यक्रम झाडांच्या वेळापत्रकाने ठरवावेत. बी पिकलं की वेचायला बोलवा, फुलोरा आला की कीटक मोजायला. आणि पाचोळा निदान झाडाखाली तरी तसाच राहू द्या. वाटा तेवढ्या झाडा.

– एक वाचक