एक्स्टेंशन बोर्ड उघडून दाखवणाऱ्या वायरमन काकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुम्ही आमच्याकडे आलात ते पंख्याच्या कामासाठी. पण टीव्हीच्या कपाटामागून येणारा किंचित करपट वास तुमच्या ध्यानात आला आणि सांगितलेले काम नसतानाही तुम्ही अर्धा तास जमिनीवर बसून तो शोधलात, त्याबद्दल नीट आभार मानायचे राहून गेले होते.

खेळ ऐन रंगात आला की आमचा गेमिंग कन्सोल अचानक बंद पडत असे आणि दोष त्याचाच, असे मी ठरवूनही टाकले होते. तुम्ही मात्र कन्सोलला हात न लावता आधी बोर्ड चाचपून पाहिलात. भिंतीपासून कपाटापर्यंत वायर पुरत नाही म्हणून मी एका बोर्डात दुसरा बोर्ड खुपसला होता, आणि त्याच दुसऱ्या बोर्डावर कन्सोल, टीव्ही व थंडीत खोली तापवणारा हीटर असे तिघे नांदत होते. कन्सोल खेळताना साधारण २०० वॉट घेतो, टीव्ही १०० च्या आसपास. हीटर एकटाच २,००० वॉट. हा सगळा भार २३० व्होल्टला १० अँपिअर होतो आणि पहिल्या बोर्डावर ६ अँपिअर स्पष्ट छापलेले होते, ते मी कधी वाचलेच नव्हते.

"मग एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) का पडला नाही?" या माझ्या प्रश्नाचे तुम्ही दिलेले उत्तर मी विसरणार नाही. एमसीबी १६ अँपिअरचा, त्याच्या लेखी १० अँपिअर म्हणजे काहीच नाही. तो भिंतीतल्या वायरिंगची राखण करतो, बाहेर लोंबणाऱ्या स्वस्त बोर्डाची नव्हे. मग तुम्ही बोर्ड उघडून काळवंडलेली पितळी पट्टी दाखवलीत. पट्टी सैल झाली की तिथला रोध वाढतो, रोध वाढला की ती तापते आणि तापली की आणखी सैल होते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, हे शाळेत शिकलेले सूत्र मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळले.

आता कन्सोल आणि टीव्ही एका जाड वायरीच्या, अर्थिंग असलेल्या बोर्डावर आहेत, तो बोर्ड थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये आहे आणि हीटरला स्वतंत्र सॉकेट दिला आहे. उरलेली वायर गुंडाळी करून कपाटामागे कोंबण्याची सवयही सोडली. स्पाइक गार्डबद्दल, म्हणजे विजेच्या अचानक झटक्यांपासून उपकरणे वाचवणाऱ्या बोर्डाबद्दल, तुम्ही सांगितलेत तेही पटले: त्यातला व्हॅरिस्टर, म्हणजे झटका स्वतःवर घेणारा भाग, प्रत्येक झटक्यासरशी थोडा झिजतो, त्यामुळे संरक्षणाचा दिवा विझल्यावर तो नुसता साधा बोर्ड उरतो. बोर्डाचे बटण बंद करण्यापूर्वी कन्सोल पूर्ण बंद करायचा, कारण रेस्ट मोडमध्ये, म्हणजे अर्धवट झोपेत, तो आत काही माहिती साठवत असू शकतो, एवढी शिस्त मात्र मुलांच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो आहे.

जुना बोर्ड, तुम्ही बजावल्याप्रमाणे, वायर कापूनच टाकून दिला, म्हणजे दुसऱ्या कोणी तो उचलून वापरायला नको.

आपला कृतज्ञ,
कपाटामागे कधीच न डोकावणारा तो घरमालक